मी बाहेर पडले. पण दुसरीला साथ देण्याइतकी तयार झाले आहे का?

प्रश्न – पाऊलखूण

नमस्कार. सतरा वर्षांच्या संसारानंतर चार वर्षांपूर्वी मी मुलाला घेऊन घर सोडले. त्या सतरा वर्षांत काय घडले ते सविस्तर लिहीत नाही. एवढेच सांगते, की आजही जिन्यात पावले वाजली की माझा हातातला घास थांबतो, कारण त्या घरात पावलांच्या वजनावरूनच पुढची रात्र कशी जाणार हे मला कळत असे.

ज्या संस्थेने त्या काळात मला आधार दिला, तिथे गेल्या वर्षापासून मी आठवड्यातून दोन दिवस कागदपत्रांच्या कामात मदत करते. अर्ज भरून देणे, प्रती काढणे, तारखा लिहून ठेवणे, एवढेच माझे काम आहे. दोन महिन्यांपूर्वी एका परिचित बाईंनी मला न विचारता माझा नंबर त्यांच्या शेजारणीला दिला. तिचा फोन आला तेव्हा मागे नळ धो धो वाहत होता. तो आवाज मी लगेच ओळखला. मीही असाच नळ सोडून बहिणीशी बोलत असे. ती वीस मिनिटे बोलली. मी ऐकून घेतले, पण शेवटी माझ्या आत काहीतरी उसळून आले आणि मी म्हणाले, "उद्याच्या उद्या निघ. मी निघाले, तूही निघू शकतेस." ती काही क्षण गप्प राहिली, मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. आठवड्याभराने मी एकदा उलट फोन केला, तो कुणी उचलला नाही.

आता संस्थेने मला प्रशिक्षण घेऊन पीडित स्त्रियांसोबत थेट काम करण्याविषयी विचारले आहे आणि २५ नोव्हेंबरच्या, म्हणजे स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या दिवसाच्या, कार्यक्रमात स्वतःचा अनुभव सांगशील का, असेही विचारले आहे. मला हे काम मनापासून करायचे आहे. परंतु त्या फोनपासून मला झोप लागत नाही. मी तिचे नुकसान केले का? जिने स्वतः सोसले आहे तिने या कामात यावे की येऊ नये? आणि यावे, तर आपण तयार झालो आहोत हे ओळखावे कसे?

उत्तर १ – दीपमाळ

ताई, मी गेली चौदा वर्षे हिंसाग्रस्त स्त्रियांसोबत समुपदेशक म्हणून काम करते. तुमच्या मनाला जे टोचते आहे, त्याविषयी आधी लिहिते.

तिचा फोन आला नाही याचे कारण तुमचे शब्दच असतील असे मुळीच नाही. अशा घरात फोन काढून घेतला जातो, तपासला जातो, नंबर बदलावा लागतो. कधी कधी एकदाच कुणाशी तरी मोकळे बोलून घेणे एवढीच त्या वेळची गरज असते. मात्र कृपा करून पुन्हा उलट फोन करू नका आणि संदेशही पाठवू नका. तो फोन कुणाच्या हातात असेल हे आपल्याला माहीत नसते आणि अनोळखी नंबरावरून आलेला एक मिस्ड कॉलदेखील त्या रात्रीच्या मारहाणीचे निमित्त ठरू शकतो. आमच्याकडे पहिल्या संभाषणातच विचारून घेतात, की उलट फोन केलेला चालेल का, कोणत्या वेळी चालेल आणि दुसऱ्या कुणी उचलला तर आपण कोण आहोत असे सांगायचे. तुम्हाला हे कुणी शिकवले नव्हते, कारण तुम्ही त्या कामावर नव्हताच. तुमचा नंबर न विचारता दिला गेला होता.

आता "उद्याच्या उद्या निघ" याविषयी. घर सोडणे म्हणजे धोका संपणे, असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात सोडण्याच्या निर्णयाचा सुगावा लागणे, प्रत्यक्ष निघणे आणि त्यानंतरचे काही महिने हा काळ बहुधा सर्वांत धोक्याचा असतो, कारण हिंसेच्या मुळाशी राग नसून ताबा असतो आणि ताबा सुटतो आहे हे त्या माणसाला तेव्हाच कळते. अमेरिकेतील परिचारिका आणि संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात धोका जोखण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली आणि ती आजही अनेक देशांत वापरली जाते. मारहाण अलीकडे वाढली आहे का, त्याच्या हाताशी शस्त्र आहे का, जिवे मारण्याची धमकी दिली आहे का, पाळत ठेवतो का, कधी गळा आवळला आहे का, असे प्रश्न त्यात आहेत. गळ्याचा प्रश्न कधीही वगळू नये. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की जोडीदाराने पूर्वी गळा आवळला असेल, तर पुढे त्याच्या हातून त्या स्त्रीचा खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक असते. स्त्रिया ही गोष्ट आपण होऊन सांगत नाहीत, किंवा "थोडं धरलं होतं" एवढेच म्हणतात. बाहेरून वळ दिसत नसला तरी आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल, तर तिने डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते.

म्हणून आम्ही "निघ" असेही म्हणत नाही आणि "सहन कर" असे तर कधीच म्हणत नाही. आम्ही तिच्यासोबत तयारी करतो. कागदपत्रांच्या प्रती आणि औषधे कुणाकडे ठेवता येतील, भांडण पेटल्यावर स्वयंपाकघरातून कसे दूर राहायचे, कारण तिथे हाताशी सुरी असते, मुलांनी कोणाच्या दारी धावायचे, फोनवरून आपले ठिकाण कुणाला दिसते आहे का आणि कोणता साधा शब्द उच्चारला की पलीकडच्याने मदत बोलवायची, हे सगळे आम्ही तिच्याकडूनच समजून घेतो. त्या घरातल्या धोक्याची सर्वांत जाणकार व्यक्ती तीच असते. तुम्ही पावलांच्या वजनावरून रात्र ओळखत होता. ते ज्ञान तिच्याकडेही आहे आणि आपण ते विचारले, तर तिला पहिल्यांदाच जाणवते की आपल्याला काहीतरी कळते.

सोसलेल्या स्त्रीने या कामात यावे का? या क्षेत्राचे बरेचसे ज्ञान तिच्याकडूनच आलेले आहे. सत्ता आणि नियंत्रण यांचे जे चक्र आज जगभर प्रशिक्षणात दाखवले जाते, ते १९८४ मध्ये अमेरिकेतील डुलुथ शहरात हिंसा भोगलेल्या स्त्रियांच्या गटांतील बोलण्यातून तयार झाले. धमकावणे, एकटे पाडणे, पैसा अडवणे, मुलांचा वापर करणे, घडलेच नाही असे भासवणे, हे त्या चक्राचे आरे आहेत आणि ते त्या स्त्रियांनी सांगितलेल्या दिवसांतून आले आहेत. तेव्हा तुम्ही या कामाच्या बाहेरच्या नाही. फक्त एक गोष्ट मनाशी धरा. तिच्या घरात तिच्या वतीने आजवर दुसऱ्याच कुणीतरी निर्णय घेतले आहेत. आपण कितीही प्रेमाने तिच्यासाठी निर्णय घेतला, तरी तिच्या वाट्याला पुन्हा तेच येते.

उत्तर २ – निळी शाई

मी या कामात नाही. मी नळ सोडून फोन करणाऱ्या बाजूची आहे, म्हणून लिहावेसे वाटले.

मला मदत करणाऱ्या ताईंशी मी एकूण अकरा महिने अधूनमधून बोलत होते. त्या काळात मी दोनदा घर सोडले आणि दोनदा परत गेले. दुसऱ्यांदा परत गेल्यावर मला त्यांना फोन करण्याची इतकी लाज वाटत होती, की सहा आठवडे मी तो नंबर नुसता पाहत बसे. माझ्या माहेरच्यांनी "आता तुझं तू बघ" असे सांगून टाकले होते आणि याही तसेच म्हणतील अशी माझी खात्री होती. शेवटी फोन केला तेव्हा त्यांनी परत का गेलीस असे विचारले नाही. त्यांनी विचारले, "आज रात्री तिथे झोपायला भीती वाटते का?" मी म्हणाले, "आज नाही." त्या म्हणाल्या, "बरं, मग आज आपण उद्याचं बोलू."

मी कायमची बाहेर पडले त्यामागे अनेक कारणे होती. परंतु त्या दिवशी त्यांनी मला नापास केले असते, तर मी पुन्हा कुणालाही फोन केला नसता, हे मला पक्के ठाऊक आहे. पाऊलखूण ताई, तुमच्या त्या बोलण्यात उतावीळपणा असेल, पण "मी निघाले" हे तिने ऐकले आहे. माझ्या सतत मनात असे की जगात अशी मी एकटीच आहे. ते एक वाक्य मला कुणी सांगितले असते, तर मी ते जपून ठेवले असते. मात्र त्याच्या पुढचे वाक्य नको होते.

उत्तर ३ – परतीची वाट

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते, कारण त्या बाबतीत माझे चुकले आहे. मी घर सोडल्यावर अवघ्या सात महिन्यांत हेल्पलाइनवर बसू लागले. सगळे माझे कौतुक करत होते आणि इतक्या वर्षांच्या अपमानानंतर ते कौतुक मला हवेहवेसे वाटत होते. एके दिवशी फोनवरच्या बाईने सांगितले, की तो तिला दाराबाहेर उभे करून आतून कडी लावतो. माझ्या बाबतीत नेमके तेच घडत असे. पुढची दहा मिनिटे ती काय बोलली हे मला आजही आठवत नाही. मी "हो, हो" म्हणत राहिले आणि मनाने त्या दुसऱ्या दाराबाहेर उभी होते. तिला तिच्या वाटणीचे ऐकणारे माणूस मिळाले नाही, याचे मला फार दुःख आहे. त्यानंतर मी दोन वर्षे थांबले, स्वतः उपचार घेतले आणि मगच परत आले.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये अशा आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग घडलेले आठवून त्याचा शोक करणे आणि त्यानंतर जगाशी पुन्हा नाते जोडणे. हे टप्पे पायऱ्यांसारखे एकापुढे एक येत नाहीत, माणूस मागेपुढे होत राहतो. तरीही दुसऱ्यांसाठी उभे राहण्याची इच्छा त्यांनी तिसऱ्या टप्प्यात ठेवली आहे, हे मला फार नंतर समजले. मी पहिल्या टप्प्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली होती. तुम्हाला चार वर्षे झाली आहेत, म्हणून वर्षे मोजण्यात अर्थ नाही. मी स्वतःला वेगळेच प्रश्न विचारते. तिची गोष्ट माझ्या गोष्टीसारखी नसली, तरी मला तितकेच ऐकावेसे वाटते का? ती परत गेली तर मला तिचा राग येईल का? ऐकून घरी गेल्यावर मी जेवते का, झोपते का? आणि मी ढासळले तर कुणाकडे जायचे हे ठरलेले आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर संस्थेनेच दिले पाहिजे. थेट कामात घेण्यापूर्वी नियमित सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामाविषयी आणि मनावरच्या ताणाविषयी अनुभवी व्यक्तीशी ठरलेल्या वेळी बोलण्याची सोय, मिळेल का, कोण देणार, किती दिवसांनी, हे स्पष्ट विचारा. ऐकणाऱ्याच्या मनावरही त्या आघाताचे ओरखडे उठतात. त्याची सोय नसलेल्या ठिकाणी चांगल्या चांगल्या कार्यकर्त्या दोन-तीन वर्षांत थकून निघून गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

व्यासपीठावर बोलणे हे मात्र अगदी वेगळे काम आहे आणि संस्थेने दोन्ही गोष्टी एकदम विचारल्या हे मला फारसे आवडले नाही. २५ नोव्हेंबर या दिवसामागे डॉमिनिकन रिपब्लिकच्या मिराबाल भगिनी आहेत. हुकूमशाहीविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या तिघींची १९६० मध्ये त्याच तारखेला हत्या झाली आणि १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो दिवस स्त्रियांवरील हिंसेच्या निर्मूलनासाठी जाहीर केला. त्या दिवशी बोलावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण कुठे थांबायचे ते आधी लिहून काढा. सभागृहात कुणीतरी "नक्की काय करायचा तो?" असे विचारतेच आणि त्याचे उत्तर देण्यास तुम्ही बांधील नाही. न्यायालयात काही प्रलंबित असेल, तर आधी वकिलांना विचारा. चित्रण होणार का आणि नंतर काढून टाकायला सांगता येईल का, हेही विचारा. शिवाय ती गोष्ट तुमच्या एकटीची नाही, तुमच्या मुलाचीही आहे.

पाऊलखूण

दीपमाळ ताई, मी तो नंबर पुन्हा लावणार नाही. ज्या बाईंनी माझा नंबर दिला त्यांना काल भेटले. ती शेजारीण ठीक आहे ना, असे त्यांना विचारायला लावणार होते, पण त्यातही तिचीच गोष्ट चव्हाट्यावर येईल असे लक्षात आले. म्हणून यापुढे कुणालाही माझा नव्हे तर संस्थेचा नंबर द्यावा, एवढेच सांगितले. त्या म्हणाल्या, तिची रोज भेट होते. त्यापुढे मी काही विचारले नाही.

निळी शाई, तुमचे उत्तर मी अनेकदा वाचले. पुढचे वाक्य नको होते, हे मला लागले आणि पटलेही.

संस्थेला सांगितले आहे, की प्रशिक्षण घेईन, परंतु पहिले सहा महिने अनुभवी कार्यकर्तीच्या शेजारी बसून फक्त ऐकेन. सुपरव्हिजनविषयी विचारले तर महिन्यातून एकदा असते असे कळले. मी पंधरा दिवसांतून एकदा मागितले आहे, उत्तर अजून आलेले नाही. कार्यक्रमाविषयी रात्री मुलाला विचारले. तो आता सोळा वर्षांचा आहे. बराच वेळ तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "बोल. फक्त मी पलंगाखाली लपायचो ते सांगू नकोस." तो तिथे लपत असे, हे मला आजवर माहीत नव्हते. येथे लिहू का असे त्याला विचारले, तेव्हा म्हणाला, नाव नसेल तर चालेल. यंदा मी व्यासपीठावर बोलणार नाही. या आठवड्यात आम्ही दोघे मिळून त्याच्यासाठी समुपदेशकाची वेळ घेत आहोत.