प्रतिसाद : मेडोज टेलर आणि नळदुर्ग

मूळ लेखात मेडोज टेलर या इंग्रज कादंबरीकाराची ओळख केवळ ठगांवरच्या १८३९ सालच्या कादंबरीपुरती दिली आहे, ती मला अपुरी वाटते. १८०८ मध्ये लिव्हरपूलला जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आला, तिथे निभाव न लागल्याने निजामाच्या फौजेत शिरला आणि पुढे सुरपूर (आजच्या कर्नाटकात) व नळदुर्ग येथे कारभार पाहू लागला. नळदुर्गाहून तुळजापूर फार दूर नाही. म्हणूनच ‘तारा’ (१८६३) या कादंबरीची बालविधवा नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याच्या घरची आहे आणि कथा अफजलखानाच्या वधापर्यंत जाते. पुढच्या दोन कादंबऱ्यांत त्याने १७५७ (प्लासीची लढाई) आणि १८५७ (उठाव) हे काळ घेतले. संवाद मात्र, खरे सांगायचे तर, बरेच पल्लेदार आहेत. चांदबिबीवरची कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर, १८७८ मध्ये आली.