बांधकाम व्यवस्थापनात जायचे असेल, तर शेवटच्या वर्षी कोणते विषय घ्यावेत?

ओळंबा (प्रश्न)

नमस्कार. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन मी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत आहे आणि पुढच्या महिन्यात मला सातव्या सत्राचे ऐच्छिक विषय निवडायचे आहेत. डिझाइनच्या आकडेमोडीपेक्षा काम प्रत्यक्ष उभे करण्यात, म्हणजे नियोजन, खर्च आणि माणसे सांभाळण्यात, मला अधिक रस आहे. यादीत बांधकाम नियोजन, करार आणि लवाद, प्रगत काँक्रीट डिझाइन आणि जीआयएस (संगणकावरील भौगोलिक माहिती प्रणाली) असे चार विषय असून त्यांपैकी दोन घेता येतात. वरच्या वर्गातील मुलांचे म्हणणे असे, की प्रायमाव्हेरा या वेळापत्रक आखण्याच्या सॉफ्टवेअरचा कोर्स केला की महाविद्यालयात कोणतेही विषय घेतले तरी चालतात. हे कितपत खरे आहे? शिवाय पदवीनंतर लगेच एम.टेक. करावे, की आधी साइटवर जावे?

चौदावा_मजला

मी गेली बारा वर्षे नियोजन विभागात आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरबद्दल आधी सांगतो. प्रायमाव्हेरा शिकायला महिना-दीड महिना पुरतो. मात्र त्यात काय भरायचे, हे ते सॉफ्टवेअर सांगत नाही. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलाने तयार केलेल्या वेळापत्रकात स्लॅब ओतल्यानंतर आठव्या दिवशी त्याच स्लॅबखाली ब्लॉकचे बांधकाम सुरू होत होते. रेषा नेटक्या होत्या, क्रिटिकल पाथही (ज्या कामांना उशीर झाला की सगळा प्रकल्प लांबतो, त्यांची साखळी) लाल रंगात उमटला होता. त्या स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, पाच मीटरचा होता, हे मात्र त्याच्या लक्षात आले नाही. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे किमान १४ दिवस ठेवावे लागतात. सहा मीटरहून लांब बीमखाली तर २१ दिवस. म्हणजे ज्या जागेत गवंडी उभे राहणार होते, तिथे टेकूंचे जंगल होते. बरे, टेकू अडकले म्हणजे वरच्या मजल्यासाठी सेंटरिंगचे (ओल्या काँक्रीटला आधार देणाऱ्या साच्याचे) सामानही अडकले, आणि मग तुमच्याकडे सामानाचे किती संच आहेत यावर सगळे वेळापत्रक ठरते.

म्हणून बांधकाम नियोजन हा विषय अवश्य घ्या, पण काँक्रीटचा अनिवार्य विषय केवळ उत्तीर्ण होण्यापुरता करू नका.

एमबी_वाला

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, तरी माझ्या मते तुमच्या यादीतला सर्वांत मोलाचा विषय करार आणि लवाद हा आहे, आणि नेमका तोच मुले रटाळ म्हणून टाळतात. त्याच्या जोडीला परिमाण व मूल्यांकन हा सगळ्यांना असणारा विषय मन लावून करा.

एक उदाहरण देतो. माझ्या पहिल्या नोकरीत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरचे मोजमाप माझ्याकडे होते आणि मी प्रत्येक खिडकीची वजावट दोन्ही बाजूंनी केली. खिडकी १.२ बाय १.५ मीटर, म्हणजे १.८ चौरस मीटर. आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होत नाही. त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची होते आणि खिडकीच्या आतल्या कडांचे प्लास्टर वेगळे मोजत नाहीत. ३ च्या वर गेले की दोन्ही बाजू वजा होतात आणि कडा मात्र मोजल्या जातात. इमारतीत तशा १५० खिडक्या होत्या. म्हणजे आमच्याच कंपनीचे २७० चौरस मीटर मी आरए बिलातून (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिल्या जाणाऱ्या बिलातून) स्वतःच्या हाताने कापले होते. पुढच्या बिलात ते भरून निघाले, पण ग्राहकाच्या अभियंत्यासमोर मेजरमेंट बुक (एमबी, म्हणजे मोजमापाची नोंदवही) पुन्हा उघडण्याची नामुष्की अजून आठवते.

कराराचेही असेच आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, पण त्याची ५५ (वेळेत काम न होणे) आणि ७४ (करारात आधीच ठरलेली भरपाई) ही कलमे साइटवर रोज लागतात. काम उशिरा होत असूनही मालकाने ते स्वीकारले आणि स्वीकारताना भरपाईचा हक्क राखून ठेवत असल्याची सूचना दिली नाही, तर कलम ५५ नुसार उशिराची भरपाई त्याला नंतर मागता येत नाही. ड्रॉइंग तीन आठवडे उशिरा आले, तर त्याच दिवशी पत्र जायला हवे; वर्षभराने वाद उभा राहिला की तोंडी सांगितल्याचे कोणी विचारत नाही.

शिकवणारी

मी याच शाखेत अध्यापन करते. दोन्ही प्रतिसादांत वित्त राहून गेले, म्हणून थोडे लिहिते. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता क्षेत्राच्या नियमनाच्या कायद्यानुसार घर खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, आणि ती काढताना काम किती टक्के झाले, हे अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांनी प्रमाणित करावे लागते. म्हणजे अभियंत्याने प्रमाणित केलेल्या कामाच्या टक्केवारीवर विकासकाच्या हातातील पैसा अवलंबून असतो. खुला ऐच्छिक विषय म्हणून लेखाशास्त्राची तोंडओळख मिळत असेल, तर संकोच न करता घ्यावी.

एम.टेक.च्या प्रश्नाबद्दलही सांगते. पुण्याचे सीओईपी आणि मुंबईचे व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थांत बांधकाम व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि १९८३ साली सुरू झालेली निकमार ही संस्था तर याच क्षेत्रासाठी आहे. गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेची तयारी पदवीच्या अभ्यासाबरोबर सोपी जाते, हे खरे. तरीही दोन वर्षे साइटवर काढून आलेला विद्यार्थी वर्गात जे प्रश्न विचारतो, ते थेट आलेल्याला सुचतच नाहीत, असा माझा अनुभव आहे. घरची परिस्थिती परवानगी देत असेल, तर आधी साइट.

ओळंबा

सर्वांचे मनापासून आभार. बांधकाम नियोजन आणि करार हे दोन विषय मी निश्चित केले आहेत. रविवारी आमच्या गल्लीत चाललेल्या एका घराचे आतले प्लास्टर मी वरील पद्धतीने मोजून पाहिले. माझे मोजमाप ठेकेदाराच्या आकड्यापेक्षा ११ चौरस मीटरने कमी आले. विचारल्यावर ते म्हणाले, की ते खिडक्या-दारांची वजावट करतच नाहीत, सरसकट भिंत मोजतात. मग यात चूक कोणाची मानायची?

एमबी_वाला

कदाचित कोणाचीच नाही. घरमालक आणि ठेकेदार यांच्यात जो कागद झाला असेल, त्यात मोजमाप कोणत्या पद्धतीने होईल हे लिहिले आहे का, ते आधी पाहा. सरसकट मोजमाप ठरले असेल, तर दर त्या हिशेबाने कमी लावलेला असू शकतो. कागदच झाला नसेल, तर घरमालकांना शेवटचे बिल येण्यापूर्वी हे बोलून घ्यायला सांगा.