प्रतिसाद: सरासरी चांगली, पण कुणाची?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचे आकडे चांगले आहेत, मग आरोग्याची वॉर्डवार माहिती हवी कशाला, हा मुद्दा पटला नाही. २०१९-२१ च्या त्या पाहणीत गोव्याचे तुकडे दोनच, उत्तर आणि दक्षिण. म्हणजे पणजीचं सुखवस्तू आल्तिनो आणि जवळच्या चिंबलची इंदिरानगर झोपडपट्टी एकाच सरासरीत! पण वॉर्डवार आकडे जमवले की काम झालं, असंही नाही. एका वर्षी डेंगीच्या दिवसांत आम्ही काही जण आरोग्य केंद्राच्या वहीतले रुग्णांचे पत्ते नकाशावर टाकत बसलो होतो. एकाच गल्लीत ठिपक्यांचा हा गठ्ठा! जाऊन बघतो तर तिथं कंत्राटदाराचं ऑफिस. पत्ता विचारल्यावर मजुरांनी तोच सांगितलेला. ते राहत होते बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत, पाण्याच्या उघड्या पिंपांशेजारी. औषध फवारणी मात्र ऑफिसच्या गल्लीत दोनदा झाली होती.

आणि लोकसंख्येमागे रुग्णांचा दर काढताना भागायचं कशानं? २०११ च्या जनगणनेनं? पणजीजवळच्या मालीमच्या जेटीवर ट्रॉलरवर राहणारे खलाशी जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बहुतेक गावी जातात, ऑगस्टमध्ये परततात. त्यांना धरलं तर दर एक, वगळलं तर दुसराच. म्हणून वहीत पत्त्याच्या रकान्याशेजारी ‘रात्री झोपता कुठे?’ एवढा एक रकाना वाढवला तरी पुष्कळ कळेल. आम्ही तो पेन्सिलीनं आखून पाहिला, पुढच्या महिन्यात नवी वही आली आणि रकाना गेला.