दमासाठी घोडा रोज पळवायचा की चालवायचा? (६० किलोमीटरच्या तयारीवरून)

खोगीरभरती

चित्र ठरलेलं आहे. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी किंवा काठेवाडी जनावर येतं आणि जानेवारीपासून रोज पहाटे डांबरावर दहा किलोमीटर, तेही भरधाव. दीड महिन्यात घोडा कमी धापा टाकतो, लवकर शांत होतो. मालक खूश, म्हणतो दम आला. मार्चमध्ये पुढच्या पायाची नळी मागच्या बाजूनं सुजते आणि घोडा सहा महिने बांधून. दोष नालबंदाला.

माझं म्हणणं सरळ आहे. दम छातीत आधी येतो, पायात फार उशिरा. हृदय, रक्त, श्वास यांत फरक तीन ते सहा आठवड्यांत दिसतो. स्नायूंना तीन-चार महिने लागतात. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी), लिगामेंट (हाडाला हाड बांधणारी), हाड आणि खूर तयार व्हायला सहा महिने ते वर्ष. म्हणजे दुसऱ्या महिन्यात घोड्याकडे पळायची ताकद असते, पण ती झेलणारे पाय नसतात. सगळ्या दुखापती याच फटीत होतात.

म्हणून ६० किलोमीटरची एंड्युरन्स (लांब पल्ल्याची शर्यत) करायची असेल तर पहिले तीन महिने वेग विसरा. पाच वर्षं पूर्ण झालेला, बांधून राहिलेला, साधारण ४०० किलोचा घोडा धरून:

पहिले तीन आठवडे फक्त पायचाल. ३० मिनिटांपासून तासाभरापर्यंत, आठवड्यात पाच दिवस. ढिल्या लगामानं रेंगाळत नाही, ताशी सहा किलोमीटरची ठसठशीत चाल.

चौथ्या आठवड्यापासून मध्ये दुडकी: पाच मिनिटं दुडकी, पाच मिनिटं चाल, असे तीन फेरे. सहाव्याच्या शेवटी सलग वीस मिनिटं दुडकी यायला हवी, वेग ताशी १२-१३.

सातव्यापासून आठवड्यातून एक लांब दिवस. आधी १५ किलोमीटर, मग हळूहळू २५. बाकी दिवस हलके, एक दिवस पूर्ण सुट्टी आणि सुट्टी म्हणजे मोकळं सोडणं. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात कधीच वाढवायचे नाहीत.

रोज तेच अंतर, तोच वेग, तोच रस्ता, यानं चौथ्या आठवड्यानंतर फक्त नाल झिजते.

नालेसाठी_घोडा

निदान बरोबर, औषध अर्धवट.

दुडकीत ताशी १३ च्या वेगाला घोड्याचं एक पूर्ण पाऊल अडीच मीटरच्या आसपास पडतं. म्हणजे २५ किलोमीटरच्या ‘हळू’ दिवसाला प्रत्येक खूर साधारण दहा हजार वेळा आपटतो. त्यात घोडा एका बाजूला झुकून चालणारा असेल किंवा खोगीर दोन बोटं सरकलेलं असेल, तर तीच चूक दहा हजार वेळा. हळू म्हणजे सुरक्षित हा गोड गैरसमज आहे.

आणि हाडाचं काय? हाड पावलांची संख्या मोजत नाही, भार किती जोरात आला ते बघतं. थोडी पण जोराची पावलं हाडाला घट्ट करतात; हजारो हळू पावलं त्याला काहीच नवीन सांगत नाहीत. मिशिगनमध्ये वासरांवर प्रयोग झाले, त्यात आठवड्यातून एकदाच छोटी, जेमतेम पाऊणशे मीटरची धाव देऊन हाडात फरक दिसला. उलट तबेल्यात चोवीस तास बांधलेल्या जनावराचं हाड बारीक होत जातं. काम सुरू केल्यावर आधी जुनं हाड पोखरलं जातं आणि मग नवं भरतं, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हाड सर्वात नाजूक असतं. तीन महिने फक्त रांगत राहिलात आणि चौथ्यात एकदम कँटर (दुडकी आणि भरधाव यांमधली धाव) मागितला, तर हाड तितकंच बेसावध असणार.

खोगीरभरती

@नालेसाठी_घोडा, हाडाचा मुद्दा मान्य. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून, अंग गरम झाल्यावर, मऊ आणि सपाट जमिनीवर, सरळ रेषेत साठ-सत्तर मीटरच्या एक-दोन धावा आठवड्यातून एकदा. वळणावर नाही, डांबरावर तर नाहीच. पण हे सांगताना भीती वाटते, कारण लोक ‘धाव’ एवढंच वाचतात आणि साठ मीटरचे सहा किलोमीटर होतात.

चौखूर

दोघंही एकच गोष्ट टाळताय: ठोके. स्टेथोस्कोप हजाराच्या आत मिळतो. डाव्या कोपराच्या मागे लावायचा, १५ सेकंद मोजायचे, चारनं गुणायचं. निवांत घोड्याचे २८ ते ४४, चालताना ६० ते ८०, दुडकीत ११० ते १४०, भरधाव धावताना २०० च्या वर. साधारण १५०-१६० च्या पुढे रक्तात लॅक्टेट (जोराच्या कामात स्नायूंत तयार होणारा पदार्थ) साठायला लागतं.

आता बघा. फक्त १२०-१३० ठोक्यांवर महिनोन्‌महिने फिरवलेला घोडा त्याच ठोक्यांवर तरबेज होतो. शर्यतीत चढण आली, पुढचा घोडा बघून हा तापला, ठोके १७० वर गेले की तो संपला. ती हद्द वर ढकलायची असेल तर इंटरव्हल (थोडं जोराचं काम, मग चाल, असे फेरे) लागतात. तीन महिन्यांचा पाया झाल्यावर, दर पाचव्या दिवशी:

१५ मिनिटं चाल आणि हलकी दुडकी. मग ताशी २४ च्या (मिनिटाला ४०० मीटर) कँटरची चार मिनिटं, तीन मिनिटं चाल. असे तीन फेरे. प्रत्येक चालीच्या शेवटी ठोके बघायचे. ११० च्या खाली आले तर पुढचा फेरा, नाही आले तर तिथंच उतरायचं आणि घोडा हातानं घरी न्यायचा. इथं नव्वद टक्के लोक चुकतात. कागदावर तीन फेरे लिहिलेत म्हणून तीन करतात.

आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या थरोब्रेडचं (शर्यतीच्या जातीच्या घोड्याचं) उदाहरण कृपया कोणी देऊ नका. इंडियन डर्बी २४०० मीटरची, अडीच मिनिटांत निकाल. ६० किलोमीटरवाल्याला चार-पाच तास काढायचे असतात.

घाटवाट

इंटरव्हलसाठी मैदान कुठून आणणार? आपल्याकडे नांगरट, नाहीतर डांबर. काळी माती पावसात चिखल आणि उन्हात भेगा. भेगेत पाय अडकला की संपलं. खोल वाळू तर आणखी वाईट, टाच खाली जाते आणि टेंडन प्रमाणाबाहेर ताणली जाते.

चढ वापरा. सौम्य चढावर दुडकीतच ठोके १५०-१६० ला जातात, म्हणजे कँटरचं काम कमी वेगात आणि कमी आपटीत होतं. मागचे पुठ्ठे भरतात ते वेगळंच. २०० ते ४०० मीटरचा मुरमाड चढ, चार वेळा वर दुडकीनं, खाली पायचालीनं. फक्त उतारावर स्वार खाली उतरलेला असावा. उतरणीला सगळं ओझं पुढच्या पायांवर येतं, आणि आपले लोक नेमकं तिथंच वेळ भरून काढायला घोडा सोडतात.

चौखूर

@घाटवाट, हे मला चालेल. ठोके चढले म्हणजे झालं, जमीन कोणतीही असो.

नालेसाठी_घोडा

‘जमीन कोणतीही असो’ हे वाक्य मागे घ्या, मग पुढे बोलू.

तोबरा

तुम्ही सगळे पायांवर भांडताय, तोबऱ्यात काय पडतंय ते बघा. दम वाढवायचा म्हणून रोज चार किलो भिजवलेले हरभरे. हरभऱ्यात साधारण २० टक्के प्रथिनं. जास्तीची प्रथिनं जाळताना उष्णता जास्त, मूत जास्त, पाणी जास्त लागतं. तबेल्यात शिरल्यावर अमोनियाचा भपका डोळ्यांना झोंबतो ना, तो हाच हिशेब. लांब पल्ल्याच्या घोड्याला हे उलटं पडतं.

४०० किलोच्या घोड्याला आधी ७ ते ८ किलो कोरडा चारा: गवत, ओटची वैरण, थोडा लसूणघास. धान्य कामाप्रमाणे दोन-तीन किलो, त्यात ओट आणि जव जास्त, हरभरा अर्ध्या किलोवर नको. एका वेळी दीड किलोच्या वर धान्य नाही. पोट लहान असतं, उरलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो आणि पोटशूळ उठतो. ताकद कमी वाटली तर तेल: ५० मिलीपासून सुरू करून तीन आठवड्यांत २०० मिलीपर्यंत, सोबत ई जीवनसत्त्व. तेल जळताना स्टार्चपेक्षा उष्णता कमी होते.

सुट्टीच्या दिवशी धान्य निम्मं. पूर्ण खुराक, दिवसभर बांधून, दुसऱ्या दिवशी एकदम काम, अशानं कंबर आखडते, मूत कॉफीच्या रंगाचं येतं. तिथं घोडा एक पाऊलही चालवायचा नाही. ‘चालवला की मोकळा होईल’ म्हणणाऱ्याला आधी बाहेर काढा आणि डॉक्टर बोलवा.

जुनी_पागा

बाकी पटलं, पण हल्ली पळून आलेल्या घोड्यावर बर्फाचं पाणी ओततात ते बघवत नाही. पूर्वीचे मोतद्दार आधी झूल टाकून फिरवायचे, घाम वाळला की मग खरारा, मग पाणी. गरम अंगावर गार पाणी पडलं की कंबर धरलीच समजा. आणि तापलेल्या घोड्याला पाणी पाजणं तर त्याहून वाईट.

चौखूर

दादा, हे थंडीत ठीक, आपल्या उन्हात नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी यावर भरपूर काम झालं. गार पाण्यानं स्नायू आखडले नाहीत, उलट अंगाची उष्णता भराभर उतरली. मान, छाती, पोट, मांड्यांच्या आतून सतत पाणी ओतत राहायचं. घोडा ४० अंशांच्या वर असेल तर झूल टाकणं म्हणजे उष्णता आत कोंडणं. कंबर धरते ती खुराकानं, क्षार घटल्यानं किंवा तयारीपेक्षा जास्त कामानं, पाण्यानं नव्हे.

पिण्याचंही तेच. उन्हात पळणारा घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळतो. त्याच्या घामात मीठ आपल्या घामापेक्षा कितीतरी जास्त. पाणी आणि मीठ एकदम गेल्यामुळे रक्त खारट होत नाही, मग घोड्याला तहानच लागत नाही. म्हणून वाटेत दिसेल तिथं पाजायचं, सरावातच सवय लावायची.

तोबरा

आणि क्षार पाण्यासोबतच. न पिणाऱ्या घोड्याच्या तोंडात मिठाची पेस्ट मारली तर शरीरातलं पाणी आतड्याकडे ओढलं जातं आणि तो आणखी सुकतो. रोजच्या खाण्यात साधं मीठ ३० ग्रॅम, लांब दिवशी दुप्पट, जोडीला पोटॅशियम. गुळाचं पाणी प्यायला लावण्यापुरतं ठीक, त्यानं क्षार भरून निघत नाहीत.

जुनी_पागा

पाजण्याचं मान्य. ओतण्याचं अजून मन घेत नाही. पण आमच्या भीमथडी तट्टांना हे लाड कधी लागले नाहीत, धनगरांचा संसार पाठीवर घेऊन महिनोन्‌महिने चालायची.

खोगीरभरती

चालायची! तेच तर धाग्याच्या पहिल्या ओळीपासून म्हणतोय.

दुडकी

रेवालवाल्यांचं कोणीच बोललं नाही. आपल्याकडे अर्धे घोडे रेवाल चालीचे, मालकाला पाठीवरचं पाणी न हिंदकळणारी चाल हवी असते. मग तो दुडकी मोडूनच काढतो. एंड्युरन्समध्ये व्हेट गेटवर (टप्प्यानंतरच्या डॉक्टरी तपासणीत) लंगडेपणा दुडकीत बघतात. घोडा हातावर दुडकीत सरळ पळत नसेल, तर डॉक्टरला कळणार काय? आत्तापासून रोज शंभर मीटर हातानं, ढिल्या दोरीवर दुडकी पळवायला शिकवा. निम्मे घोडे तिथं डोकं वर करून ओढत येतात आणि लंगडे नसताना शंका येते.

चौखूर

गेटचा निकष ध्यानात असू द्या. फेईच्या (एफईआय, आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघ) नियमात घोडा आल्यापासून १५ मिनिटांत ठोके ६४ वर किंवा खाली, शेवटच्या टप्प्यानंतर २० मिनिटांत. मग आणखी एक चाचणी: ठोके मोजायचे, लगेच ३८ मीटर जाऊन परत दुडकी, सुरुवातीपासून बरोबर एका मिनिटानं पुन्हा मोजायचे. तेवढेच किंवा कमी आले तर उत्तम. चार-आठनं वाढले तर थकवा, पाण्याची कमतरता किंवा लपलेलं दुखणं. लांब दिवसानंतर घरीही हे करा, वहीत लिहा. ६४ वर यायला गेल्या आठवड्यात सहा मिनिटं आणि या आठवड्यात तेवढ्याच कामाला बारा, तर घोडा काहीतरी सांगतोय.

नालेसाठी_घोडा

वही ठेवा, पण हातही लावा. पाय ठोक्यांत दिसत नाहीत. रोज सकाळी खोगीर घालायच्या आधी, पाण्यानं पाय धुवायच्याही आधी, पुढचा पाय उचलून ढिला धरायचा. अंगठा आणि दोन बोटांनी नळीमागची टेंडन गुडघ्यापासून फेटलॉकपर्यंत (खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत) चिमटत खाली यायचं. निरोगी टेंडन पेन्सिलीसारखी कडक, कडा स्वच्छ. मऊ फुगवटा, रुपयाच्या नाण्याएवढी उबदार जागा, किंवा एका ठिकाणी घोड्यानं पाय ओढून घेणं, यांतलं काहीही दिसलं की त्या दिवशी काम बंद. मग दुसरा पाय तपासून ताडून बघायचं. घोडा लंगडत नाही म्हणून पुढे जायचं नाही, लंगडणं सगळ्यात शेवटी येतं.

खोगीरभरती

@चौखूर, इंटरव्हल चौथ्या महिन्यात, चढावर, ठोके मोजून, इथवर मी आलो. दर पाचव्या दिवशी मात्र नाही. लांब दिवस आणि इंटरव्हल एकाच आठवड्यात बसवले तर मध्ये तीन दिवस हलकं काम हवंच. दहा दिवसांतून एक इंटरव्हल करा.

चौखूर

दहा दिवसांत मिळवलेलं निम्मं उतरतं असं माझं मत. आठवर तडजोड.

घाटवाट

आठ दिवस, आणि पावसानंतर जमीन बसेपर्यंत तेही नाही.