दिएपला 'धडा' म्हणणं थांबवा: जूनोच्या निमित्ताने

खारवारा (धागाकर्ता)
परवा समूहात एक पोस्ट फिरली: "दिएपला कॅनडाची माणसं मेली नसती तर जूनो किनारा पडला नसता. तिथल्या एका जिवाने नॉर्मंडीत दहा वाचवले." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून सविस्तर लिहितोय. (नवख्यांसाठी: दिएप हे फ्रान्सचं बंदर, दुसऱ्या महायुद्धात १९४२ ला तिथला हल्ला फसला; जूनो हा १९४४ ला नॉर्मंडीत कॅनेडियन उतरले तो किनारा.)

हा हिशेब माउंटबॅटननी आयुष्यभर स्वतःच्या बचावासाठी वापरला. दिएपच्या वेळी कंबाइन्ड ऑपरेशन्सचे (तिन्ही दलांचे संयुक्त हल्ले आखणाऱ्या ब्रिटिश खात्याचे) प्रमुख तेच होते. १९ ऑगस्ट १९४२ ला ४,९६३ कॅनेडियन निघाले, २,२१० परतले. कैदेत मेलेले धरून ९०७ गेले. आणि त्यातून शिकलो काय? तर तटबंदी असलेल्या बंदरावर जड तोफांशिवाय समोरून जाऊ नये. हे १९१५ साली गॅलिपोलीत कळलेलं होतं. दिएपला विनाशिकांवर ४ इंची तोफा होत्या, बस्स. ब्रिटिश नौदलप्रमुख डडली पाउंड इंग्लिश खाडीत युद्धनौका पाठवायला तयार नव्हते. मोठी बॉम्बफेक आराखड्यातून काढली, कारण ढिगाऱ्यांनी गल्ल्या बंद होऊन रणगाडे अडतील. शेवटी रणगाडे काँक्रीटच्या अडथळ्यांपाशी अडलेच.

ठरवून केलेली चूक होती ती. तिला धडा म्हणून मेलेल्यांच्या नावावर खपवू नका.

तोफखाना
सहमत नाही. गॅलिपोलीत रणगाडे होते का? दिएपचा प्रश्न फक्त तोफांचा नव्हता. २९ चर्चिल रणगाडे उतरवायला काढले, २ खोल पाण्यात बुडाले, २७ किनाऱ्याला लागले. तिथे वाळू नाही, चकमकीच्या दगडाचे गोटे. रणगाडा वळायला गेला की गोटे पट्टा आणि चाकांच्या मध्ये घुसतात आणि पट्टा तुटतो. तरी १५ समुद्रभिंत ओलांडून वर गेले. पुढे गल्ल्यांच्या तोंडाशी काँक्रीट. ते फोडायची स्फोटकं सॅपर्सच्या (अडथळे फोडणाऱ्या लष्करी इंजिनिअरांच्या) पाठीवर होती, आणि सॅपर्स उघड्यावर मारले गेले.

यातूनच एव्हीआरई, म्हणजे सॅपर्सचं रणगाड्यावर बेतलेलं चिलखती वाहन, आलं. डेनोव्हन या कॅनेडियन इंजिनिअर लेफ्टनंटची कल्पना: सॅपरला चिलखतात बसवा. चर्चिलच निवडला, कारण आत जागा भरपूर आणि बाजूला दार. तोफ काढून २९० मिलिमीटरचा पेटार्ड (काँक्रीट फोडणारी आखूड तोफ) बसवला. जूनोवर काँक्रीट फोडायला हेच वापरलं.

खारवारा
एव्हीआरई मान्य. तेवढं एकच. बाकी दिएपमुळे मिळालं म्हणून सांगतात ती यादी तपासा. तरंगता धक्का? पंतप्रधान चर्चिलची चिठ्ठी ३० मे १९४२ ची, भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारे धक्के हवेत म्हणून. दिएपच्या जवळजवळ तीन महिने आधी. तरंगता रणगाडा? स्ट्राउसलर या इंजिनिअरने १९४१ मध्येच टेट्रार्क हा हलका रणगाडा तरंगवला होता. साखळ्यांनी सुरुंग फोडणारा रणगाडा? तो वाळवंटात अल अलामेनला तयार झाला. उतरण्याची तालीम म्हणाल तर उत्तर आफ्रिका, सिसिली, सालेर्नो झालं. १० जुलै १९४३ ला पाकिनोजवळ कॅनडाचीच पहिली डिव्हिजन उतरली. ते सगळं विसरून दिएपच का धरायचं?

सुमेधा_ओंटारिओ
एक मुद्दा दोघांनीही सोडलाय. दिएपनंतर नौदलाचा तो ताफा मोडला नाही. फोर्स जे म्हणून कायम ठेवला, 'जे' जुबिलीचा, म्हणजे दिएप मोहिमेच्या सांकेतिक नावाचा. तोच ताफा तिसऱ्या कॅनेडियन डिव्हिजनबरोबर सराव करत राहिला आणि ६ जून १९४४ ला त्यानेच तिला जूनोवर नेलं. अशी कायमस्वरूपी जोडी ही खरी शिकवण. यंत्रांच्या यादीत ती दिसत नाही.

पण जूनो 'सोपा पडला' हा सूर मला खटकतो. पहिल्या दिवशी ३४० मेले, ५७४ जखमी. आणि त्याचं मोठं कारण दिएप नाही, समुद्राची भरती आहे.

घाटमाथा
भरतीचं कारण पुढे करणं म्हणजे नियोजनकर्त्यांना पाठीशी घालणं. अमेरिकनांच्या ओमाहा किनाऱ्यावर ६:३० ला उतरले. जूनोवर ७:३५ आणि ७:४५ ठरलेले, प्रत्यक्षात पहिल्यापैकी बऱ्याच तुकड्या आठ वाजून गेल्यावर लागल्या. तोवर जर्मनांनी किनाऱ्यावर रोवलेले अडथळे पाण्यात गेले होते. उशीर कुणी केला?

सुमेधा_ओंटारिओ
अहो, नकाशा बघा आधी. जूनोसमोर खडकांच्या रांगा आहेत. पाणी कमी असताना लँडिंग क्राफ्ट त्यावर आपटतात, म्हणून वेळ मुळातच उशिराची धरली होती. वर समुद्र खवळलेला, काही ताफे मागे पडले, म्हणून आणखी १० मिनिटं. खडक टाळायचे तर खुंट्यांवरचे टेलर (जर्मन रणगाडाविरोधी) सुरुंग पाण्याखाली जाणार. खुंट्या उघड्या हव्यात तर नावा खडकावर. या किनाऱ्यावर दोन्ही साधणं शक्य नव्हतं.

घाटमाथा
शक्य नव्हतं तर अडथळे काढणाऱ्या पथकांना काम काय दिलं होतं? पाण्यात बुडालेली खुंटी काढणार कशी? ३०६ लँडिंग क्राफ्टपैकी ९० बुडाली किंवा मोडली. बरीचशी माणसं उतरवून मागे फिरताना. जाताना नाव सरळ रेषेत जाते, नाविकाला समोर दिसतं. परतताना ती लाटांत आडवी होते आणि शेजारच्या खुंटीला घासते.

तोफखाना
आणि भरतीचा दुसरा फटका दुपारचा. पाणी चढत गेलं तसा जूनोवरच्या बर्निएर गावचा किनारा अरुंद पट्टी होऊन राहिला. त्यात रणगाडे, ट्रक, जखमी, सगळं एकावर एक. नववी ब्रिगेड साडेअकरानंतर त्याच गर्दीत उतरली. त्या दिवसाचं लक्ष्य असलेला कार्पिके विमानतळ हाती आला नाही, त्याचं कारण इथे आहे. लोक उगाच २१ व्या पँझर या जर्मन रणगाडा डिव्हिजनचं नाव घेतात.

मावळखोरे
अवांतर: कॅनेडियनांच्या भरती-ओहोटीवर एवढं लिहिताय, आणि इटलीतल्या सेनिओ नदीचं नाव कुणाला माहीत नाही. १९४५ च्या हिवाळ्यात कॅनेडियन त्याच नदीवर होते. ते फेब्रुवारीत वायव्य युरोपात गेले, आणि ९ एप्रिलला नामदेव जाधवांनी तिथे खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून जखमी सोबत्यांना वाहून आणलं आणि मशीनगन ठाणी एकट्याने उडवली. व्हिक्टोरिया क्रॉस. आपली मराठा पलटण सोडून जूनोचे खडक मोजायचे!

खारवारा
नामदेव जाधवांबद्दल आदर आहेच. वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा असेल. इथे विषय दिएप आहे आणि तो तुम्ही सगळ्यांनी मिळून पाण्यात बुडवलात.

घाटमाथा
बुडवला नाही, तिथेच चाललोय. दिएपचा धडा खरंच पाठ असता तर रणगाडे पायदळाच्या आधी पोहोचले असते. बर्निएरला काय झालं? समुद्र खवळलेला म्हणून फोर्ट गॅरी हॉर्सचे तरंगते रणगाडे सोडलेच नाहीत, थेट किनाऱ्यावर उतरवले, तेही पायदळानंतर. क्वीन्स ओन रायफल्सची बी कंपनी ठरल्यापेक्षा पूर्वेला, थेट ठाण्यासमोर लागली. काही मिनिटांत ६५ माणसं पडली. दिएपला पुईच्या किनाऱ्यावर रॉयल रेजिमेंटचं असंच झालं होतं: १७ मिनिटं उशीर, अंधार संपलेला, समोर तारा लावलेली भिंत.

तोफखाना
तुलना अर्धीच बरोबर. जूनोवरच्याच कुर्सलला फर्स्ट हुसार्सच्या बी स्क्वॉड्रनने ४,००० यार्डांवरून १९ तरंगते रणगाडे सोडले, १४ पोहोचले, तेही रेजायना रायफल्सच्या पायदळाआधी. कॅनव्हासचा पडदा, हवा भरलेल्या रबरी नळ्यांवर उभा. लाट पडद्यावरून आत आली की काही सेकंदांत तळ. फोर्ट गॅरीने सोडले असते तर किती पोहोचले असते? ओमाहावर २९ पैकी २७ बुडाले. उशिरा आलेला रणगाडा बुडालेल्यापेक्षा बरा. पुईला रणगाडेच नव्हते.

घाटमाथा
बरं, सोडले नाहीत ते ठीक. पण मग पायदळाला थांबवायचं होतं.

तोफखाना
चढत्या पाण्यात, अडथळ्यांच्या मधोमध? कुठे थांबवणार?

सुमेधा_ओंटारिओ
खारवारा, तुमचा मूळ मुद्दा मी मानते: माउंटबॅटनचा 'एकाला दहा' हा हिशेब कुठल्याही आकड्यावर टिकत नाही. पण 'एव्हीआरई तेवढं एकच' हे किरकोळीत काढू नका. जूनोवरच्या ग्राये-सुर-मेरला एक एव्हीआरई पाण्याने भरलेल्या खड्ड्यात बुडालं. बाकीच्यांनी त्याच्याच टपावर पूल टाकून रस्ता काढला. १९७६ मध्ये ते उकरून बाहेर काढलं. सॅपर्स चिलखताच्या आत होते म्हणूनच हे काम गोळीबारात होऊ शकलं.

खारवारा
एव्हीआरई आणि फोर्स जे, दोन्ही धरतो. ९०७ माणसांच्या बदल्यात या दोन गोष्टी. पण ताफा कायम ठेवायला पराभव लागत नाही, फक्त निर्णय लागतो. आणि सॅपर्सना उघड्यावर काँक्रीटपर्यंत पाठवू नये, हे १८ ऑगस्टला कुठल्याही सॅपर अधिकाऱ्याने सांगितलं असतं.

तोफखाना
सांगितलं असतं तरी १८ ऑगस्टला त्यांना चढवायला चिलखती गाडी कुठे होती? ती बनवायला डिझाइन खात्याला दिएपचे तुटलेले पट्टे दाखवावे लागले. मी यावरून हटणार नाही.