मदत हवी आहे: 10 जी (10 गिगाबिट) पोर्टचा ग्राफ 114 एमबीपीएसच्या वर जाईना

सळई_नेट (जालना):
एमआयडीसीतल्या रोलिंग मिलचं नेटवर्क आहे. जुने 100 एमबीपीएसचे स्विच, मधे गिगाबिट, आणि आता ऑफिस ते सर्व्हर रूम 10 जी फायबर. सगळं एकाच मॉनिटरिंगवर घेतलंय. जुन्या स्विचचे ग्राफ चोख येतात. 10 जीचा मात्र रात्री बॅकअप चालू झाला की 114 एमबीपीएसपर्यंत चढतो, मग उगाच खाली येतो. पोर्टचा स्पीड 4.29 जी दाखवायलाय. मॉड्यूल बदललं, पॅचकॉर्ड बदलली, फरक नाही. उद्या रिपोर्ट द्यायचाय, लवकर सांगा.

गोदाकाठ (नांदेड):
एसएनएमपीचं (मॉनिटरिंग ज्या पद्धतीनं स्विचचे आकडे वाचतं तिचं) व्हर्जन कोणतं? पोलिंग, म्हणजे वाचन, किती मिनिटांनी? दोन्ही लिहिलेलं नाही.

तारजोडणी (लातूर):
ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसांत वेग ठरवणं) फसलंय, पोर्ट 100 वर बसलाय. दोन्हीकडं 100 फुल डुप्लेक्स फिक्स करून टाका.

गोदाकाठ:
100 चा पोर्ट 114 दाखवेल कसा? एलआर (लांब पल्ल्याच्या फायबरच्या) मॉड्यूलच्या 10 जी लिंकला ऑटो-निगोशिएशन नसतंच. तांब्याच्या गिगाबिटला ते सक्तीचं आहे. 100 वर एक बाजू फिक्स आणि दुसरी ऑटो राहिली, तर ऑटो बाजू हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेनं डेटा) जाते आणि लेट कोलिजनचा, म्हणजे उशिरा होणाऱ्या डेटाच्या टकरींचा, ढीग लागतो. कृपया कुणी हे करू नका.

शेंद्रा_रॅक (छत्रपती संभाजीनगर):
सगळे स्विच एकाच कंपनीचे घ्या, क्लाउड कंट्रोलर लावा, झंझट मिटेल.

गोदाकाठ:
कंपनीचा संबंध नाही. आकडा चुकीच्या जागेवरून वाचला जातोय, तो नव्या स्विचवरही तिथूनच वाचला जाईल.

सळई_नेट:
व्हर्जन 1, दर 5 मिनिटांनी. दोन जुन्या स्विचला 1 च चालतं, म्हणून सगळ्यांना एकच टेम्प्लेट (काय वाचायचं त्याची यादी) दिलं.

गोदाकाठ:
मग तिथंच अडलंय. टेम्प्लेट 1.3.6.1.2.1.2.2.1.10 या पत्त्यावरचा येणाऱ्या बाइट्सचा काउंटर वाचतंय. तो काउंटर 32 बिटचा, म्हणजे 4,294,967,295 बाइटनंतर पुन्हा शून्यावर. पूर्ण भारात 100 एमबीपीएसवर तो साधारण पावणेसहा मिनिटांत फिरतो, गिगाबिटवर 34 सेकंदांत, 10 जीवर साडेतीन सेकंदांच्या आत. मॉनिटरिंग दोन वाचनांमधला एकच फेरा भरून काढतं, बाकीचे हरवतात. 5 मिनिटांत एका पूर्ण फेऱ्याचा सरासरी वेग 114.5 एमबीपीएस येतो, तुमचं छत तेच. 4.29 जी हाही 32 बिटचाच कमाल आकडा आहे.

64 बिटचे काउंटर व्हर्जन 1 मध्ये येऊच शकत नाहीत. म्हणून व्हर्जन 2सी किंवा 3 लावा. येणाऱ्या बाइट्सना 1.3.6.1.2.1.31.1.1.1.6, जाणाऱ्यांना त्यातल्या शेवटच्या 6 च्या जागी 10, आणि स्पीडला 15. स्पीडचा हा आकडा एमबीपीएसमध्ये मिळतो. आरएफसी 2863 या इंटरनेट मानकानुसार 20 एमबीपीएसच्या वरच्या पोर्टला 64 बिटचे बाइट काउंटर लागतातच. जुन्या दोन स्विचना वेगळं टेम्प्लेट द्या आणि दर मिनिटाला वाचा.

तारजोडणी:
2सीमध्ये कम्युनिटी (पासवर्डसारखा शब्द) उघडी जाते. 3 च लावा.

गोदाकाठ:
मान्य. 3 नसेल तर फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या आयपीला रीड-ओन्ली परवानगी ठेवा.

हिंगोली_अर्थ:
दोन शेडमध्ये तांब्याची केबल आहे का? वळिवाच्या विजेत पोर्ट जळतात. शेड ते शेड फायबरच टाका, स्विच रॅकला अर्थिंग द्या.

शेंद्रा_रॅक:
सल्ला चांगला, पण विचारलंय काय?

सळई_नेट:
2सी लावलं. रात्री ग्राफ 2 जीच्या वर गेला! आता दोन अडचणी. 10 जीच्या पोर्टवर कोलिजन कायम शून्य, अलार्म चालतो की नाही ते कळेना. आणि लाइट गेली की परत आल्यावर पोर्टचे ग्राफ एकमेकांत अदलाबदल होतात.

गोदाकाठ:
10 जी फक्त फुल डुप्लेक्स, कोलिजन होणारच नाही. कोलिजनचा अलार्म हाफ डुप्लेक्सच्या पोर्टपुरता ठेवा. सगळ्या वेगांना सारखा चालतो तो एफसीएस एररचा (बिघडून आलेल्या डेटाचा) अलार्म. फायबरला जोडीनं आरएक्स पॉवर, म्हणजे पोर्टला मिळणारा उजेड, बघा: एलआरची खालची मर्यादा साधारण उणे 14.4 डीबीएम. मॉड्यूलमध्ये डीडीएम (उजेड मोजायची सोय) नसेल तर तो आकडा रिकामाच राहील. त्याला शून्य समजू नका, कारण शून्य डीबीएम म्हणजे 1 मिलिवॅट, भरपूर उजेड.

अदलाबदलीचं कारण इंडेक्स, म्हणजे पोर्टचा अंतर्गत क्रमांक. रीबूटनंतर स्विच पोर्टना नवे क्रमांक देतो. स्विचमध्ये इंडेक्स कायम ठेवायची सोय असेल तर चालू करून कॉन्फिग सेव्ह करा. जुन्यांत नसते. तिथं मॉनिटरिंगला क्रमांकाऐवजी पोर्टच्या नावावर बांधा.

सळई_नेट:
डीडीएमचा आकडा एका स्विचवर डीबीएममध्ये येतोय, दुसऱ्यावर मायक्रोवॅटमध्ये. एका ग्राफवर कसे बसवू?

गोदाकाठ:
मायक्रोवॅटला 1000 ने भागा, त्याचा 10 पायाचा लॉग घ्या, 10 ने गुणा. 100 मायक्रोवॅट म्हणजे उणे 10 डीबीएम. हे गणित टेम्प्लेटमध्येच टाका, म्हणजे अलार्मची मर्यादा दोन्हीकडं एकच राहील.