मुलाची दम्याची गोळी आणि रात्रीचं ओरडणं – सल्ला हवाय

चिंचवडकरीण: मुलगा ७ वर्षांचा, बालदमा. दोन्ही वेळ ब्युडेसोनाइडचा पंप आणि रात्री चघळायची मॉन्टेलुकास्ट ५ चालू आहे. गोळी सुरू झाल्यापासून झोपेत ओरडतो, दिवसा उगाच चिडतो. गोळीमुळे असेल का? शिवाय मास्कवाला स्पेसर (पंपाला जोडायची नळी) घ्यायचाय. बजेट ५००.

आबाराव: सरळ नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करणारं मशीन घ्या. आम्ही अडीच हजारांचा घेतला. अख्खी सोसायटी मागून नेते.

चिंचवडकरीण: ५०० लिहिलंय हो काका.

निशाचर: गोळीचंच असू शकतं. वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचारसुद्धा. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, मार्च २०२० मध्ये या औषधावर चौकटीतला इशारा छापायला लावला. आजच डॉक्टरांना फोन करा. पंप मात्र मनाने बंद करू नका, दम्याचा खरा आधार तोच.

पाटलीणबाई: माझी लेक दोन वर्षं हीच गोळी घेतेय, काही होत नाही. आधी रात्रीचा मोबाइल काढून घ्या.

निशाचर: तुमच्या लेकीला झालं नाही म्हणजे कुणालाच होत नाही का?

पाटलीणबाई: मी माझा अनुभव सांगितला. पटत नसेल तर सोडा.

मुखेडकर: पंपाची सवय लागते. आमच्याकडचे लोक मृगाला हैदराबादला जाऊन दम्यावर उपाय म्हणून जिवंत मासा गिळून येतात.

घाटावरची: पंपाची सवय वगैरे लागत नाही. आमचे काका पण मासा गिळून आले, पथ्यही पाळलं. खिशात धाप लागल्यावर ओढायचा निळा पंप अजून आहेच.

केमिस्टभाऊ: ब्युडेसोनाइडनंतर चूळ भरून थुंकायला लावा, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. मास्क लावत असाल तर चेहराही धुवा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात की स्थिर वीज तयार होऊन औषध आतल्या बाजूलाच चिकटतं. आणि ७ वर्षांच्या मुलाला मास्क कशाला? तोंडात धरायचा माउथपीस जमतो, औषधही जास्त आत जातं.

सौ_टिपणीस: +१, मीही हेच लिहिणार होते. चूळ भरा. आणि माउथपीसच घ्या.

निशाचर: माउथपीसला माझंही मत.

चिंचवडकरीण: फोन केला. डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितली, पंप तसाच चालू. पंधरा दिवसांनी बोलावलंय, त्याआधी धाप लागली तर लगेच या म्हणाले. स्पेसर मास्कवालाच आणला, ४५० ला. आमचं ध्यान माउथपीस चावून ठेवतं, मास्क लावल्यावर निदान बसतं तरी.

केमिस्टभाऊ: मग मास्क गालाला घट्ट बसू द्या, फट राहिली की औषध हवेत.

आबाराव: नेब्युलायझरला वॉरंटी पण असते बरं का.